जामीनदार

१९७९ च्या जूनमध्ये मी शिवाजी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात टंकलेखिका म्हणून रुजू झाले. ऑर्डर तात्पुरती होती. ऑक्टोबरात आईचे पोटाचे ऑपरेशन निघाले. वडील नव्हते, भाऊ शाळेत. सेवकांच्या पतपेढीतून कर्ज काढावे तर मी सभासद नव्हते, कारण सभासद व्हायला कायम असावे लागे. आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. मी त्यांना एवढेच म्हणाले होते की मला आठवडाभर रजा लागेल. त्यांनी कारण विचारले, ऐकून घेतले आणि पुढच्या आठवड्यात स्वतःच्या नावावर ८०० रुपयांचे कर्ज काढून पाकीट माझ्या टाइपरायटरवर ठेवले. जामीनदार दोघे, एक रेकॉर्ड सांभाळणारे शिपाईमामा आणि दुसरे बारनिशीतले, म्हणजे आवक-जावक विभागातले, एक गृहस्थ. त्या गृहस्थांशी मी तोवर एक शब्दही बोललेले नव्हते. दरमहा ५० रुपये देत मी सोळा महिन्यांत मुद्दल फेडले. व्याज अण्णांनी घेतले नाही. ‘आईला पेढ्याचा पुडा घेऊन जा, झालं,’ म्हणाले.

पस्तीस वर्षे नोकरी करून २०१४ मध्ये मी निवृत्त झाले. पण विद्यापीठाचे नाव काढले की मला आधी आठवते ती त्या कर्जरोख्यावरची दोन माणसांची सही.

मी रुजू झाले तेव्हा विद्यापीठाला सतरावे वर्ष चालू होते. १८ नोव्हेंबर १९६२ ला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि इतिहासाचे अभ्यासक डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू झाले. आप्पासाहेबांच्या काळात लागलेली जुनी माणसे त्यांचे नाव घरातल्या थोरल्या माणसाचे घ्यावे तसे घेत. आठशे त्रेपन्न एकरांचा माळ, झाडे अजून कमरेएवढी, आणि वारा असा की छत्री उघडायची सोय नाही. के.एम.टी.च्या बसमधून उतरले की शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यापासून ऑफिसपर्यंत पदर डोक्यावर घट्ट धरून चालायचे. शहरातली माणसे तेव्हा ‘लांब माळावर नोकरी’ असे म्हणत. लांब होते म्हणूनच कदाचित तिथे राहणारी, जेवणारी, दिवस काढणारी माणसे एकमेकांची झाली.

परीक्षा विभागाचा खरा हंगाम उन्हाळ्यात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, एवढ्या जिल्ह्यांच्या कॉलेजांचे गुण हाताने लेजरवर चढत. एक जण गुण वाचणार, दुसरा लिहिणार, तिसरा बेरीज तपासणार. (सोलापूरचे वेगळे विद्यापीठ २००४ मध्ये झाले. त्या वर्षी ती लेजरे आमच्या रॅकवरून गेली आणि रॅक कितीतरी दिवस ओकाबोका दिसला.) निकाल तोंडावर आला की रात्रीचे दोन वाजत. क्वार्टर्समधून डबे येत. कुणाच्या घरची भाकरी, कुणाचा खर्डा, उसाच्या पट्ट्यातल्या कुणाच्या शेतावरची काकवी. वाचणाऱ्याचा आवाज बसला की शेजारचा न सांगता लेजर ओढून घेई. एका आकड्याची चूक झाली तर कुठल्या तरी गावातले पोर नापास होईल, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ओव्हरटाइम मिळायचा, आणि तो मिळाला की क्वार्टर्समध्ये मुलांच्या दप्तरांची खरेदी व्हायची. तरी त्या रात्री माणसे ओव्हरटाइमसाठी जागत होती असे मला कधीच वाटले नाही.

पगार रोख मिळे. पगारपत्रकावर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून सही करायची, तिकिटाला जीभ लावायची की पाणी यावर दर महिन्याला तीच चर्चा. पत्रकाच्या उजव्या बाजूला कपातींचे रकाने असत: फंड, विमा, सोसायटी. सोसायटी म्हणजे आमची पतपेढी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चा आहे आणि त्याच्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने लिहून दिले की मालकाने पगारातून हप्ता कापून संस्थेकडे भरायचा. या एका कलमावर महाराष्ट्रातल्या पगारदारांच्या किती पतपेढ्या उभ्या राहिल्या असतील! बँका ज्या शिपायाला दारातून परत पाठवीत, तो पतपेढीच्या वार्षिक सभेत उठून अध्यक्षांना लाभांशाचा जाब विचारी.

आणि जामीनदार. कर्ज मिळण्यासाठी दोन सहकाऱ्यांची सही लागे. हप्ता थकला तर त्यांच्या पगारातून कापला जाई. त्यामुळे सही मागायला जाणाऱ्याला आपली अडचण सांगावी लागे आणि सही देणाऱ्याला ती ऐकून घ्यावी लागे. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, भावाची वाटणी, बायकोचे आजारपण, सगळे सहीच्या आधी बोलले जाई. कोण दारूच्या नादी लागला आहे, कुणाच्या घरात दोन चुली झाल्या आहेत, हे जामीनदारांना माहीत असे आणि ते वेळीच जाऊन बोलत. आमच्या विभागातल्या एका तरण्या क्लार्कला अण्णांनी सही दिली ती एका अटीवर. पगाराचे पाकीट पहिले तीन महिने त्याच्या आईच्या हातात द्यायचे. तो पोरगा पुढे अधीक्षक होऊन निवृत्त झाला.

नोकरीत असताना कुणी गेले तर कोण काय करणार हे ठरलेले असे. आस्थापना विभागातली दोन माणसे तेराव्यानंतर घरी जात. सेवापुस्तकातले वारसाचे नाव, फंडाचा अर्ज, उपदान, कुटुंबनिवृत्तिवेतन, अनुकंपेचा अर्ज, सगळे कागद स्वतः लिहून नेत आणि वहिनींची सही किंवा अंगठा घेऊन येत. वहिनींना ऑफिसच्या पायऱ्या चढाव्या लागू नयेत असा त्यांचा कटाक्ष होता. नियमात हे कुठेच लिहिलेले नाही.

२००५ साल मला दोन गोष्टींसाठी लक्षात आहे. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुक्यातून येणाऱ्या आमच्या काही सहकाऱ्यांची घरे पाण्यात गेली. त्यांची माणसे, एका घरची म्हैससुद्धा, माळावर आली. आमच्या दोन खोल्यांत बारा दिवस नऊ जण होतो. तांदूळ कुणाचा, रॉकेल कुणाचे, हिशेब कुणी ठेवला नाही. पतपेढीने तातडीची कर्जे दिली, आणि त्या अर्जांवर जामीनदारांच्या जागी सही करायला लोक आपणहून येऊन उभे राहिले.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुमारास घडली आणि तिचा आवाज कुणालाच आला नाही. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्याच्या सेवेत लागणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन मिळणार नाही, असा निर्णय झाला. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे आणि वर महागाई भत्ता, ही जी हमी मला आणि अण्णांना होती, ती पुढे येणाऱ्यांची गेली. त्यांच्या पगारातून दहा टक्के कापून बाजारात गुंतवायचे, सरकारने आपला हिस्सा घालायचा आणि म्हातारपणी काय हाती येईल ते बाजारावर. आम्ही तेव्हा गप्प राहिलो. आम्हाला त्याची झळ नव्हती. सरकारी कर्मचाऱ्यांच्या १९७७-७८ च्या चोपन्न दिवसांच्या संपाच्या गोष्टी ऐकत आमची पिढी नोकरीत शिरली. आमच्या मागून येणाऱ्या पोरांच्या ताटातला घास निघून गेला तेव्हा याच पिढीने एक दिवसही काम थांबवले नाही. हे मी कुणावर ढकलत नाही. मी त्या वेळी संघटनेची वर्गणी भरणारी सभासद होते.

त्या निर्णयाचा परिणाम दिसायला दहा वर्षे लागली. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, एकच काम करणारी दोन माणसे. एकाला निवृत्तीची तारीख म्हणजे सुटका, दुसऱ्याला तीच तारीख म्हणजे धास्ती. डबा एकत्र खाल्ला तरी भविष्याचे बोलणे दोघांत होईनासे झाले. १४ मार्च २०२३ ला राज्यभरचे कर्मचारी ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संपावर गेले. तेव्हा मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली होती. कोल्हापुरात मोर्चा निघाला त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले आणि मला माझ्या २००५ च्या गप्प बसण्याची लाज वाटली.

आज जे सुधारले आहे ते मला मनापासून मान्य आहे. माझ्या मुलाच्या वेळी मला बाळंतपणाची रजा नव्वद दिवसांची होती. त्याला सासूबाईंच्या हाती देऊन मी लेजरवर बसले तेव्हा पदर ओला होत असे. आज ती रजा एकशे ऐंशी दिवसांची आहे, आणि ज्यांनी ती मिळवली त्यांचे माझ्यावरही उपकार आहेत असे मी मानते. पगार बँकेत जमा होतो, निकाल संगणकावर लागतो, कुणाच्या आईला रात्री दोनपर्यंत कडी लावायला थांबावे लागत नाही. आमच्या त्या गोतावळ्यातही भिंती होत्या. कोजागिरीला दूध आटवायचे ते बायकांनी आणि गाणी म्हणायची ती पुरुषांनी. हळदीकुंकवाला साहेबांच्या घरापासून क्लार्कच्या घरापर्यंत सगळीकडे आम्ही गेलो, पण सफाई करणाऱ्या बाईंच्या घराची पायरी मी एकदाही चढले नाही. त्या रोज माझे टेबल पुसत होत्या.

तरीही आज सगळ्यात मोठी भिंत वेगळ्याच ठिकाणी आहे. माझी भाची एका विद्यापीठात काम करते. कोणत्या ते सांगत नाही, कारण चित्र बऱ्याच ठिकाणी तेच आहे. ती एम.कॉम. आहे, मी दहा माणसांत मिळून जे काम करायचे ते ती संगणकावर एकटी करते. सहा वर्षे झाली. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग मध्ये खंड, मग पुन्हा ऑर्डर. आता तर ऑर्डरही विद्यापीठाची नसते, एजन्सीची असते. एजन्सी बदलली की जुन्या फंडाचे पैसे कुठे आहेत ते शोधत बसायचे. आजारी पडली तर पगार कापला जातो. वर्धापनदिनाच्या सामूहिक फोटोत तिला उभे करतात, पण सेवकांच्या स्पर्धांच्या यादीत तिचे नाव नसते. कायम माणसे वाईट वागत नाहीत, ती आवर्जून सांगते. ‘मावशी, त्यांना ठाऊकच नसतं की मी पुढच्या जूनला असेन का. मग कोण कशाला जीव लावेल?’

गेल्या वर्षी तिच्या वडिलांना अँजिओप्लास्टी करावी लागली. तिने मोबाइलवरून वीस हजारांचे कर्ज घेतले. दहा मिनिटांत पैसे आले. जामीनदार नको, अर्ज नको, कुणाला अडचण सांगायला नको. तिसरा हप्ता आठ दिवस थकला आणि वसुलीचे फोन सुरू झाले. तिला, तिच्या आईला, मग मला. बोलणाऱ्या मुलाची भाषा मी इथे लिहिणार नाही. मी पैसे भरले. भाची रडत म्हणाली, ‘ऑफिसात कुणाला कळू देऊ नकोस.’ हे ऐकून मला वीस हजारांपेक्षा जास्त दुःख झाले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी आईचे ऑपरेशन ऑफिसात सांगताना मला संकोच वाटला, पण भीती वाटली नव्हती. तिच्या शेजारची खुर्चीही कुणाच्या तरी अण्णांचीच असेल. पण त्या अण्णांना कळणार कसे?

जुनी पेन्शन परत येणे न येणे मुंबईत ठरते. कंत्राटी माणसांना कायम करणेही एकट्या विद्यापीठाच्या हातात नाही. हे मला समजते. पण पतपेढी आपल्या हातात आहे. तिचे पोटनियम सभासदांनी केले आणि सभासदच ते बदलू शकतात. अशी दुरुस्ती निबंधकांकडे मंजुरीला पाठवावी लागते, ते अवघड नाही. कंत्राटी सेवकाला सभासद करून घ्या, सुरुवातीला मर्यादा कमी ठेवा, पंचवीस हजार, तीस हजार, आणि दोन कायम सेवक जामीनदार घ्या. वसुलीचे काय, असा प्रश्न सभेत येईल. त्याचे उत्तर मला माहीत आहे. अण्णांनी तो धोका १९७९ मध्ये स्वतःच्या नावावर पत्करला होता, तेव्हा त्यांच्या पाठीशी पोटनियम नव्हता, आणि मुद्दलाचा एक पैसा बुडाला नाही.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. राज्यातल्या विद्यापीठांत आणि कॉलेजांत कायम नोकरीत असलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, या वर्षीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आणा. सभेची नोटीस यायच्या आत लेखी द्या, म्हणजे आयत्या वेळचा विषय म्हणून तो बाजूला पडणार नाही. आणि सभेला जाण्याआधी आपल्या विभागातल्या कंत्राटी मुलामुलींपैकी एकाला चहाला बोलावून घरी कोण कोण आहे ते विचारा.