पाकी, सफाई आणि बाटलीवरचा कागद

शाबानचा महिना लागला की आपल्या घराघरांत सफाई निघते. पडदे उतरतात, भांडी घासली जातात, मोरी आणि संडास तर दोन-दोनदा धुतले जातात. रमजानच्या स्वागताची ही रीत चांगलीच आहे. पण याच दिवसांत घरातल्या बायकांचे हात सोलतात, डोळे चुरचुरतात, खोकला लागतो आणि आपण म्हणतो, 'काम जास्त झालं.' खरे कारण बरेचदा कोपऱ्यातल्या बाटलीत असते.

आम्ही शाळेत सातवीच्या मुलांना एक घरचा अभ्यास दिला. घरातल्या फिनाईलच्या, ॲसिडच्या, ब्लीचिंगच्या बाटलीवरचा मजकूर वाचायचा आणि अम्मीला समजावून सांगायचा. दुसऱ्या दिवशी मुले सांगू लागली, अम्मी म्हणाली, "इतने साल से ऐसाच डालते, कुछ नहीं होता." पुढे बोलताना लक्षात आले की बऱ्याच अम्मींना उर्दू येते, थोडी मराठी येते, पण बाटलीवरची सूचना इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत असते. जी बाई ती बाटली रोज हाताळते, तिलाच ती वाचता येत नाही.

म्हणून त्या कागदावर काय असते ते इथे सांगतो. पहिली गोष्ट, दोन औषधे एकत्र करू नका. संडास साफ करायच्या पुष्कळ द्रवांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असते. त्यात ब्लीचिंग पडले की क्लोरीन वायू तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे खालीच साचतो आणि उकिडवे बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकातोंडात आधी जातो. दमा असलेल्याला तर तो फारच घातक. वास उग्र झाला, ठसका लागला, तर बादली तिथेच सोडून मोकळ्या हवेत यावे. 'एवढं धुऊन येते' म्हणू नये.

दुसरी गोष्ट, प्रमाण आणि वेळ. एका बादलीला किती झाकणे आणि किती मिनिटे ठेवायचे, हे लिहिलेले असते. आपण झाकण मोजत नाही, बाटली उलटी करतो आणि लगेच पाणी ओततो. जंतू मरायला वेळ लागतो, नुसते प्रमाण वाढवून तो वेळ वाचत नाही. हातमोजे घालावेत, खिडकी-दार उघडे ठेवावे.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर. सुटे ॲसिड किंवा फिनाईल आणून ते थंड पेयाच्या, शरबताच्या, कधी तर जमजमच्या रिकाम्या बाटलीत भरले जाते. पांढरे फिनाईल पाण्यात पडले की दुधासारखे दिसते. मगरिबच्या अजानला घाईत हात घालणाऱ्या लेकराने रंग पाहायचा की वास घ्यायचा? मूळ बाटलीतच ठेवा, उंचावर ठेवा. चुकून कोणी प्यायलेच तर उलटी करवू नका. जाताना जळालेला घसा येताना पुन्हा जळतो. तोंड पाण्याने धुवा, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर नळाखाली निदान पंधरा-वीस मिनिटे धुवत राहा. हळद, टूथपेस्ट काही लावू नका.

एक गोष्ट बायकांच्या मनातून काढायला हवी. पाकी आणि चमक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नजासत दूर करायला शरीअतने साधे स्वच्छ पाणी पुरेसे मानले आहे. ॲसिड जास्त ओतल्याने जागा जास्त पाक होत नाही. आणि आपले शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, सफाईच्या नावाने तिला इजा करणे हे दीनदारीत बसत नाही.

आमच्या त्या वर्गातल्या मुलांनी मग जाड कागदावर उर्दू आणि मराठीत मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लिहिल्या आणि चिकटपट्टीने बाटल्यांवर लावल्या : 'दुसऱ्यात मिसळू नका', 'दोन झाकणे', 'मुलांपासून दूर'. एका अम्मीने निरोप पाठवला, "अब तेल की बाटली पे भी लिख दो!" तुमच्या घरात वाचता येणारे लेकरू असेल तर या जुम्म्याला त्याला हे काम द्या. दहा मिनिटांचे काम आहे.

अल्लाह प्रत्येक घराला सलामत ठेवो. आमीन.