सुट्या अक्षरांचा शब्द

अनोळखी माणसाशी बोलायला काहीतरी कारण लागते. वेळ विचारावी तर प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे. पत्ता विचारावा तर तोही मोबाईलच सांगतो. एसटीत दोन माणसे तासभर एकमेकांना खेटून बसतात आणि एक शब्दही न बोलता उतरून जातात. त्यातून डोक्यावर ओढणी आणि मांडीवर उर्दू पुस्तक असलेली माझ्यासारखी बाई असेल, तर शेजारची सीट कधी कधी शेवटपर्यंत रिकामीच राहते. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. माझा रोजचा एक उपक्रम कशातून सुरू झाला, ते कळावे म्हणून लिहिते.

मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. अकोल्याहून पातूरच्या बाजूला रोज जाणे-येणे आहे. याच पातूरच्या नगरपरिषदेच्या फलकावर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलेले होते. त्यावर हरकत घेतली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 15 एप्रिल 2025 रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला. मराठीच्या जोडीला उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असा त्याचा आशय होता. वाचून बरे वाटले. पण न्यायालय फलक राखू शकते, तो पाहून एखाद्याच्या कपाळावर पडणारी आठी पुसू शकत नाही. ते काम तुमचे-माझे आहे.

त्या वर्षी जूनअखेर शाळा उघडली आणि मी एक नेम धरला. शाळेच्या प्रत्येक दिवशी एका अनोळखी माणसाला विचारायचे, "तुमचं नाव उर्दूत लिहून देऊ का?" ड्रॉइंगच्या कागदाचे पोस्टकार्डाएवढे तुकडे आणि तिरप्या टोकाचा मार्कर पिशवीत असतो. नस्तालीक वळणात नाव लिहायचे. प्रत्येक अक्षराखाली त्याचे देवनागरी अक्षर लिहायचे. मग कागद धरलेल्या हातांचा एक फोटो काढायचा, तोही विचारूनच. कागद त्यांचा, फोटो माझा. स्टँडवर गाडी सुटण्याआधी जी दहा मिनिटे मिळतात त्यात हे होते. गाडी चालू लागली की अक्षर हलते.

चेहऱ्याचा फोटो मी काढत नाही. अम्मीला तसवीर पसंत नाही, आमच्या घरात भिंतीवर माणसाचा फोटो नाही. हातांपुरती ती राजी झाली. शिवाय अनोळखी बायका चेहरा दाखवायला कचरतात, हात मात्र सहज पुढे करतात. हळदीने पिवळी झालेली बोटे, ग्रीसचे डाग, नांगरामुळे पडलेले घट्टे, मेंदीचा उतरलेला रंग हे सगळे माझ्या मोबाईलमध्ये आहे.

रोज एक फोटो काढण्याची कल्पना काही माझी नाही. न्यूयॉर्कच्या जेमी लिव्हिंगस्टन या छायाचित्रकाराने 31 मार्च 1979 पासून रोज एक पोलरॉइड फोटो काढला. 25 ऑक्टोबर 1997 रोजी, आपल्या 41 व्या वाढदिवशी, कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला, तोवर हा नेम चालू होता. त्याच शहरात 2010 मध्ये ब्रँडन स्टँटन रस्त्यावरच्या अनोळखी लोकांचे फोटो काढू लागला. आधी नुसते फोटो होते. पुढे तो लोकांशी बोलू लागला, त्यांचे बोलणे फोटोखाली देऊ लागला, आणि जगभरातले लोक ते वाचू लागले. रोजचा नेम मी लिव्हिंगस्टनकडून घेतला. फोटो हे निमित्त आणि बोलणे हे खरे काम, हे स्टँटनकडे पाहून कळले.

एका कंडक्टरांनी नाव सांगितलेच नाही. "नुसतं दादा लिवा मॅडम, सारे दादाच म्हणतात." मी लिहिले : दाल, अलिफ, दाल, अलिफ. उर्दूत बहुतेक अक्षरे पुढच्याचा हात धरून चालतात. दाल आणि अलिफ पुढच्या अक्षराला जोडले जात नाहीत. त्यामुळे 'दादा' या शब्दात चारही अक्षरे सुटी उभी राहतात. ते कागद पाहून म्हणाले, "हे तर तुटक तुटक दिसून राह्यलं." मी म्हटले, "अक्षरं सुटी आहेत, पण शब्द एकच आहे. आणि बरं का, उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील." त्यावर ते हसत म्हणाले, "म्हणजे तुम्ही मले आत्ताच रिटायर करता!"

केळीवाल्याने नावाऐवजी 'केळी' लिहायला सांगितले. उर्दूत ळ नाही, म्हणून मी लाम वापरला. त्याने खालची अक्षरे वाचली आणि म्हणाला, "हे तर 'केली' झालं!" मग मी त्याला ख़ आणि क़ म्हणायला लावले. ते त्याला जमेना. आमच्या शाळेतली पोरे 'शाळा'ला 'शाला' म्हणतात आणि मी वर्षभर त्यांच्या ळ च्या मागे लागलेली असते, हेही सांगितले. गिऱ्हाईक ताटकळले होते, तरी तो घसा खरवडून क़ काढत होता. कागद, कलम, शाई, दौत हे मराठी शब्द अरबी-फारसीतूनच आले, असे सांगितले तेव्हा त्याने मला डझनामागे दोन केळी जास्त दिली.

सगळेच असे नसतात. कॉलेजच्या एका मुलाने कागद उलटसुलट करून पाहिला. "हे माह्यंच नाव आहे कशावरून? दुसरं काही लिवलं असलं तर?" मी खालची देवनागरी अक्षरे दाखवली. त्याचे समाधान झाले नाही. त्याने कागदाचा फोटो एका मित्राला पाठवला. थोड्या वेळाने मित्राचा आवाज आला आणि त्याने नाव बरोबर वाचले होते. "बरोबर आहे," एवढेच तो म्हणाला. हातांचा फोटो त्याने काढू दिला नाही, कागद मात्र घडी करून खिशात ठेवला. त्याचा मला राग आला नाही. वाचता न येणाऱ्या लिपीत आपले नाव कुणाच्या हाती देणे सोपे नसते. आमच्या कितीतरी पालकांना मराठीतल्या सरकारी अर्जावर सही करताना हीच भीती वाटते. ते माझ्याकडे कागद आणतात आणि हळूच विचारतात, "मॅडम, इसमें क्या लिखा है?" प्रश्न त्या मुलाचाच आहे, फक्त लिपी बदलली. म्हणूनच मला वाटते, आमच्या मुलांनी मराठी उत्तम शिकली पाहिजे. आणि शेजाऱ्याला आमची चार अक्षरे ओळखता आली तर दोघांचीही धास्ती कमी होईल.

हिंगोलीच्या गाडीत बसलेले एक धोतरवाले आजोबा मी कधी विसरणार नाही. त्यांचे नाव लिहून कागद पुढे केला. खालच्या देवनागरीकडे न बघता त्यांनी तो उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचला. त्यांचे गाव मराठवाड्यातले. निजामाच्या राज्यात पहिली-दुसरी उर्दूत शिकलेले. सत्तरेक वर्षांत त्यांना हे कोणी वाचायला दिले नव्हते. माझ्या भावाच्या इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांना आपल्या आजीची उर्दू चिठ्ठी वाचता येत नाही, आणि इथे हे आजोबा माझ्या अक्षराचे वळण तपासत होते.

स्टँडबाहेर लसूण विकणाऱ्या मावशींनी उर्दूला सरळ नकार दिला. "मले आपल्याच अक्षरात दाखवा. माह्यं नाव मलेच लिवता येत नाही." त्या आजवर अंगठा देत आल्या होत्या. मी देवनागरीत नाव लिहून दिले. आठ-दहा दिवस जाता-येता त्यांच्याजवळ थांबत होते. त्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर गिरवत होत्या. नाव जमले त्या दिवशी त्यांच्या मातीने भरलेल्या हातांचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हाक मारली. "बाई, इतके दिस तुमीच इचारता. तुमचं नाव काय हाय?" मी थबकले. शंभराहून अधिक लोकांची नावे लिहिली होती, पण माझे नाव विचारणाऱ्या त्या पहिल्याच. मी सांगितले. "मले लिवून द्या, घरी गिरवून आणतो," त्या म्हणाल्या. चार दिवसांनी त्यांनी लसणाच्या टोपलीखालून एक कागद काढला. वाकड्यातिकड्या देवनागरीत माझे नाव होते, रेघ थोडी वर गेलेली. त्यांनी शेजारच्या पोराला माझा मोबाईल घ्यायला लावला आणि मला दटावले, "धरा नीट, हात दिसू द्या!"

त्या दिवसाच्या फोटोत हात माझे आहेत.