सल काढणे

मराठी ललित लेखनात मोटार येते ती बहुधा कुठून तरी कुठे तरी जाण्यासाठी. प्रवास, स्थलांतर, भेट किंवा अपघात घडवून ती बाजूला होते. निघाल्या ठिकाणी एका मिनिटात परत येणाऱ्या आणि वस्तुतः कुठेच न जाणाऱ्या मोटारीविषयी लिहिणे म्हणजे वाचकाच्या सहनशीलतेची परीक्षा पाहणे होय. तरीही आम्ही लिहितो आहोत, कारण या मोटारीने आमच्यापुढे एक जुनाच प्रश्न ठेवला. एखाद्या गोष्टीतून काय काय काढून टाकले तरी ती तीच राहते? संहितेच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. आमच्याकडे तो पाना आणि पेचकस घेऊन आला.

आम्ही म्हणजे दोघे भाऊ. एक मराठी शिकवतो. दुसरा वरूडजवळची संत्र्याची बाग पाहतो आणि उरलेला वेळ गॅरेजात घालवतो. मोटार म्हणजे आमच्या वडिलांनी १९९७ साली, मृगबहार चांगला आला म्हणून घेतलेली पांढरी मारुती झेन. ही गाडी १९९३ साली बाजारात आली आणि २००६ साली तिचे उत्पादन थांबले. ९९३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, सुमारे पन्नास अश्वशक्ती, कार्ब्युरेटर, पाच गिअर आणि साडेसातशे किलोंच्या आसपास वजन. दोन आसनी, उघड्या टपाच्या छोट्या स्पोर्ट्स कार परदेशांत पिढ्यान् पिढ्या घडल्या. ब्रिटनची लोटस सेव्हन १९५७ची, जपानची माझदा एमएक्स-५ १९८९ची. आपल्याकडच्या मध्यमवर्गाच्या वाट्याला तशी गाडी कधी आली नाही. म्हणून आपली स्पोर्ट्स कार ही नेहमी कुटुंबाच्या गाडीतूनच कोरून काढावी लागली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर आणि पुढे १९९० पासून इरुंगट्टुकोट्टाईच्या धावपट्टीवर आपले चालक ज्या गाड्यांवर तयार झाले, त्यांतली फॉर्म्युला मारुती ही एकआसनी गाडी मारुती ८०० च्या इंजिनाभोवतीच बांधलेली होती. बाजारहाटाला नेणारे इंजिन आणि शर्यतीला नेणारे इंजिन एकच, ही आपल्याकडची परिस्थिती होती आणि एका अर्थाने परंपराही.

२०२१ साली वडील गेले. २०२२ साली गाडीच्या नोंदणीची वाढवलेली मुदतही संपली. भंगारवाला दोनदा अंगणात येऊन गाडीभोवती फिरून गेला. विकावी, मोडीत काढावी की गोठ्याशेजारी उभी ठेवावी, असे तीन पर्याय होते. धाकट्याने चौथा मांडला: तिला ऑटोक्रॉससाठी तयार करावे.

ऑटोक्रॉस म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या वाचकाला समजावणे फारसे अवघड नाही. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून वळणावळणांचा छोटा मार्ग आखतात. एका वेळी एकच गाडी सुटते. तिची लढत शेजारच्या गाडीशी नसून घड्याळाशी असते. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. आपल्याकडचा शंकरपट ज्याने पाहिला आहे, त्याला हा घड्याळाचा धाक ठाऊक आहे. तळेगाव दशासरच्या पटात जोडी सुटते तेव्हा माणसे बैलांकडे जितकी पाहतात तितकीच घड्याळाकडे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, २०२१ च्या डिसेंबरात अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या मधल्या वर्षांत सुने मैदान पाहिलेल्या माणसांना वेगाची ओढ कशाला म्हणतात हे सांगावे लागत नाही. पटाची गाडी शेतीच्या गाडीसारखी नसते, हेही त्यांना माहीत असते. तिच्यात बसायला जेमतेम जागा असते. धुरकरी आणि कासरा यांखेरीज तिच्यावर दुसरा भार नसतो. जे पळायला लागत नाही, ते तिच्यात नाही.

लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या नावावर जो विचार सांगितला जातो, तो याहून निराळा नाही. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर वेगवान होते. वजन उतरवले तर ती सगळीकडेच वेगवान होते. हलकी गाडी लवकर सुटते, लवकर थांबते आणि वळणावर टायरांना कमी छळते. आमच्या झेनचे गणित सोपे होते. साडेसातशे किलोंना पन्नास अश्वशक्ती, म्हणजे पंधरा किलोंमागे एक. साठ किलो उतरवले, तर इंजिनाला हात न लावता चार अश्वशक्ती मिळवल्यासारखे झाले.

मग काढायला सुरुवात झाली. संत्री मोजायच्या काट्यावर आम्ही एकेक वस्तू ठेवत गेलो आणि वहीत लिहीत गेलो. मागची बैठक १५ किलो. स्टेपनी आणि जॅक १४. खालचे गालिचे आणि पत्र्याला चिकटवलेला आवाज दाबणारा डांबरी थर मिळून १२. डावीकडची पुढची बैठक १२. दारांची आतली अस्तरे ६. टेप, स्पीकर आणि किरकोळ २. एकूण ६१ किलो, म्हणजे संत्र्यांचे तीन क्रेट. गॅरेजातले उस्ताद म्हणाले, “सर, गाडी रिकामी केली का तिची खरी तब्येत कळते.” आणि कळलीच. डांबरी थर खरवडल्यावर डिकीच्या कोपऱ्यात गंज निघाला. दाराच्या अस्तरामागून एक बॉलपेन, अमरावतीच्या बाजारातली पुसट झालेली पावती आणि वडिलांच्या चष्म्याची एक काडी निघाली. या तीन वस्तूंचे वजन काट्याने दाखवले नाही.

संत्र्याच्या बागेत एक काम असते, त्याला ‘सल काढणे’ म्हणतात. तोडणी झाली की झाडावरच्या वाळलेल्या काड्या कापून टाकायच्या. नाहीतर रोग त्यांच्यावर मुक्काम करतो आणि पुढचा बहार मार खातो. वडील हे काम मजुरांवर सोडत नसत. कोणती काडी वाळली आहे आणि कोणती नुसती वाळल्यासारखी दिसते, हे ओळखणे हेच त्यांच्या मते बागायतदाराचे खरे कौशल्य होते. मराठीत ‘सल’ म्हणजे टोचत राहणारे दुःखही. दोन्ही अर्थांचे मूळ एकच आहे की नाही, हा भाषाशास्त्राचा विषय; गाडी रिकामी करताना आम्हाला ते दोन अर्थ वेगळे करता आले नाहीत, एवढेच नोंदवतो.

खरा पेच इंजिनापाशी आला. एस्टीमचे १२९८ सीसीचे इंजिन झेनमध्ये बसवणे हा हौशी मंडळींचा जुना आणि आवडता उद्योग आहे. उस्तादांकडे तसे एक जुने इंजिन होते. धाकट्याचा युक्तिवाद बिनतोड होता: बैठक काढली, पत्रा खरवडला, आता इंजिनाशीच सोवळे का? थोरल्याचा आक्षेप असा, की बैठक काढणे हे संपादन आहे आणि इंजिन बदलणे हे पुनर्लेखन आहे. यावर धाकट्याने मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादातला रथ पुढे केला. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. ‘रथ’ हे केवळ या सगळ्यांच्या जुळणीला दिलेले नाव. मग ‘बाबांची गाडी’ हेही नावच. इंजिन गेले म्हणून नाव का जावे?

नागसेनाला उत्तर देणे थोरल्याच्या आवाक्याबाहेरचे होते. पण वरूडहून फार दूर नसलेल्या रिद्धपूरने त्याला आधार दिला. म्हाइंभटाने चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मूळ प्रत नाहीशी झाल्यावर शिष्यांनी ते स्मरणातून पुन्हा उभे केले आणि त्यामुळे त्याचे अनेक पाठ झाले, असे परंपरा सांगते. शब्द बदलले, क्रम बदलला, काही गळले, काही वाढले. तरी आपण त्या सगळ्यांना लीळाचरित्रच म्हणतो, कारण ते ज्यांच्यासाठी जतन केले गेले त्या ऐकणाऱ्यांना त्यात तोच आवाज ऐकू येत होता. तेव्हा वस्तू तीच आहे की नाही, हे तिच्या भागांची यादी ठरवत नाही; नागसेनाचे इतके मान्य. पण ते नुसते नाव ठेवणाराही ठरवत नाही. ते ओळखणारा ठरवतो.

आमच्या घरात ओळखणारी व्यक्ती एकच होती. आम्ही आईला विचारले. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “शिट काढा, पत्रा काढा, काय काढाचं ते काढा. पण तिचा आवाज बदलवू नका. तुमच्या बाबाची गाडी चौकातून वळली का मी तव्यावर भाकर टाको.”

वाद तिथे थांबला. जुनेच इंजिन राहिले. कार्ब्युरेटर उघडून धुतला, प्लग आणि वायरी बदलल्या, सायलेन्सर मूळचाच ठेवला. जे मिळवायचे ते बाकीच्या ठिकाणी मिळवायचे, असे ठरले. आणि बाकीची ठिकाणे पुष्कळ होती. झेनची पुढची चाकेच गाडी ओढतात आणि तीच वळवतात. दोन्ही कामे एकाच वेळी मागितली की ती दमतात आणि गाडी वळणाच्या बाहेर सरकते. म्हणून मागच्या स्प्रिंगा थोड्या कडक केल्या, मागच्या टायरांत हवा थोडी जास्त ठेवली, म्हणजे शेपूट सहज फिरते. अगदी आखूड वळणावर हँडब्रेक क्षणभर ओढला की मागची चाके अडतात आणि गाडी जागच्या जागी तोंड वळवते. शॉकअप नवे घातले. ब्रेक ऑइल जुने होते. ते हवेतली ओल शोषत राहते आणि जितकी ओल जास्त तितके ते लवकर उकळते. उकळले की पायाखालचे पॅडल पोकळ होते. ते सगळे काढून डॉट-४ प्रतीचे भरले. नव्याने उघडलेल्या अशा ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो.

आणि एक गोष्ट आम्ही वाढवली. आत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला, चालकासाठी खांद्यांवरून येणारे पट्टे लावले. उतरवलेल्या ६१ किलोंपैकी जवळजवळ निम्मे वजन या पिंजऱ्याने परत घेतले. धाकटा हळहळला नाही, हे विशेष. इतके सगळे काढून टाकल्यावर परत ठेवायची वस्तू कोणती, तर माणूस जिवंत ठेवणारी. हलकेपणाच्या तत्त्वज्ञानाला ही मर्यादा घातली नाही, तर ते तत्त्वज्ञान राहत नाही, नुसती हाव होते. लेखनातही सर्व काही छाटून टाकणारे संपादक आम्ही पाहिले आहेत. वाक्य हलके होते, पण उलटले तर आत कोणी वाचत नाही.

कायद्याचेही सांगायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या (१९८८) कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे अधिक स्पष्ट केले. म्हणून ही झेन आता रस्त्यावर धावत नाही. संत्री वाहणाऱ्या ट्रकवर चढून ती मैदानापर्यंत जाते आणि तशीच परत येते. वडिलांनी ज्या गाडीने वरूड ते अमरावती आणि वरूड ते नागपूर असे अगणित फेरे केले, ती आता स्वतः ओझे होऊन प्रवास करते. यातला उपरोध आम्हाला दिसत नाही असे नाही. पण गोठ्याशेजारी चाकांतली हवा जाऊन बसलेली गाडी हा त्याहून मोठा उपरोध झाला असता.

विदर्भातल्या एका शहराबाहेरच्या मैदानावर ती प्रथम धावली, तेव्हा तिच्यापुढे दुप्पट ताकदीच्या नव्या गाड्या होत्या. सरळ पट्ट्यात त्या पुढे गेल्या. शंकूंच्या दाटीत झेनने पुष्कळसे परत मिळवले. निकालाच्या तक्त्यात ती मधोमध राहिली. चषक नाही, फोटो नाही. काठावर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मात्र जवळ येऊन गाडीत डोकावून पाहिले आणि विचारले, “आतलं सारं कोणं नेलं?” आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही.

मागची बैठक आता बागेतल्या खोपडीत आहे. राखणदार तिच्यावर दुपारी आडवा होतो. चष्म्याची काडी आईच्या डब्यात आहे. एस्टीमचे इंजिन उस्तादांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली आहे आणि दर दिवाळीला धाकटा त्याची किंमत विचारून येतो. आम्ही दोघे त्याविषयी बोलत नाही. महिन्यातून एकदा अंगणात गाडी चालू करून पाच मिनिटे तशीच ठेवतो, इंजिन धरू नये म्हणून. स्वयंपाकघरातून आई काही बोलत नाही. फक्त भांड्यांचा आवाज तेवढा वेळ थांबतो.