मध्यरात्री सूर्य दिसणारे आल्ता

युरोपच्या नकाशात अगदी वरच्या टोकाला नॉर्वे देश दिसतो. त्याच्या उत्तरेकडील फिनमार्क भागात, ७० व्या अक्षांशाजवळ, आल्ता हे गाव खाडीकाठी वसले आहे. पूर्वी हिमनदीने डोंगर कोरून खोल दरी केली आणि बर्फ वितळल्यावर तीत समुद्र शिरला. अशा खाडीला तिकडे फ्योर्ड म्हणतात.

एवढ्या उत्तरेला शेती कशी होते, असे कोणीही विचारील. समुद्रातील उबदार प्रवाहामुळे हा किनारा अक्षांशाच्या मानाने कमी थंड असतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य मावळतच नाही. हंगाम तोकडा, पण पिकाला रात्रंदिवस उजेड! गवत हे मुख्य पीक, बटाटाही होतो. उन्हाळ्यात गवत कापून मुरघास करायचा आणि लांबलचक हिवाळ्यात गोठ्यातील गाईंना घालायचा. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. तेव्हा साठवलेल्या वैरणीवरच जनावरे जगतात.

पाहुणे येतात ते मुख्यतः कातळचित्रे पाहायला. गावाजवळील येमेलुफ्त येथे १९७० नंतर ती उजेडात आली आणि १९८५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात स्थान दिले. रेनडियर, अस्वले, होड्या, शिकारी आणि जनावरे कोंडायची कुंपणे, अशी हजारो चित्रे दगडावर कोरलेली आहेत. सर्वांत जुनी सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची. माणसे ती पाण्याच्या काठी कोरीत. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन हळूहळू वर उचलली गेली, म्हणून जुनी चित्रे वर आणि नवी खाली आढळतात. हिवाळ्यात कातळ बर्फाखाली जातात, तेव्हा ती उन्हाळ्यातच पाहावीत.

हिवाळ्याचे आकर्षण निराळे. काळ्या आकाशात हिरवा प्रकाश नाचतो. सूर्यापासून निघालेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ध्रुवांकडे वळतात आणि हवेवर आदळून उजळतात. याच अभ्यासासाठी शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्केलान यांनी १८९९ साली जवळच्या हाल्दे डोंगरावर वेधशाळा उभारली.

मात्र आल्ताची खरी गोष्ट तिच्या नदीची आहे. ही नदी सॅमन माशासाठी प्रसिद्ध असून मासेमारीचा हक्क खोऱ्यातील शेतकऱ्यांकडे आहे. या नदीवर विजेसाठी धरण बांधायचे ठरले. पहिल्या आराखड्यात मासी हे सामी लोकांचे गाव बुडणार होते. रेनडियर पाळणाऱ्या सामींना चराईची, तर नदीकाठच्या लोकांना माशांची चिंता. विरोध झाला, आराखडा लहान केला गेला आणि गाव वाचले. तरीही विरोध थांबला नाही. १९७९ साली सामी तरुणांनी ओस्लोत संसदेसमोर उपोषण केले. १९८१ च्या जानेवारीत शेकडो पोलिसांनी कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर बसलेल्या लोकांना उचलून नेले. न्यायालयाचा कौल सरकारच्या बाजूने लागला आणि १९८७ साली वीज सुरू झाली.

धरण झाले, पण सामींचा आवाज देशाला ऐकावा लागला. १९८९ साली त्यांची स्वतःची निवडून आलेली सभा भरली. आज पाहुणे लांब, निमुळत्या नावेतून या नदीची सफर करतात. तेव्हा काठची कुरणे जरूर न्याहाळावीत. त्यांच्याच मालकांनी ही नदी राखली आहे.