रुक्मिणीच्या माहेराला

अकोल्याहून अमरावतीकडे निघालं आणि बोरगाव मंजू मागं पडलं, की मी नवऱ्याच्या पाठीमागून न चुकता ओरडते, "हा आपला विक्रमी रस्ता!" तोही न चुकता म्हणतो, "हव ना."

३ ते ७ जून २०२२ या दिवसांत अमरावती-अकोल्यादरम्यान याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटं काम न थांबवता ७५ किलोमीटर एकेरी पट्टा डांबरानं अंथरला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. दुपदरी धरलं तर साडेसदतीस किलोमीटर. सातशेवर माणसं पाळ्या लावून रात्रंदिवस राबली. वऱ्हाडातलं जूनचं ऊन ज्यानं सोसलं आहे त्यालाच कळेल, की उकळतं डांबर समोर घेऊन त्या उन्हात उभं राहणं काय असतं. रस्त्याचं कौतुक करताना मला आधी ती माणसं आठवतात. आमचं लग्न त्याच वर्षी डिसेंबरात झालं. माहेर अमरावती, सासर अकोला. हा रस्ता जणू माझ्यासाठीच वेळेत पुरा झाला, असं मला मनापासून वाटतं.

लग्नानंतर आम्ही लांब कुठं गेलो नाही. घराचे हप्ते, मोजक्या सुट्या. पण फिरणं थांबलं नाही. एखाद्या गुरुवारी पॅसेंजरनं शेगाव, रांगेत उभं राहून महाराजांचं दर्शन, आणि परतीच्या गाडीत गरम कचोरी. संध्याकाळी कापशीच्या तलावावर अर्धा तास. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी तर अकोला झोपतच नाही. माणसं अनवाणी गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी कावडीत भरतात आणि चालत येऊन ते राजराजेश्वराला वाहतात. यंदा नवऱ्यानं कावडीला खांदा दिला. पहाटेपासून सासूबाई आणि मी रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. तो दिसला तेव्हा तळव्यांना फोड आले होते आणि चेहरा फुलला होता. हनिमूनचे फोटो आमच्याकडे नाहीत, तो फोटो आहे.

आता सांगते तो प्रवास नवरात्रातला. लग्नानंतरचं पहिलं नवरात्र, म्हणून अंबादेवीची ओटी भरायची होती. सासूबाईंनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं पिशवीत घालून दिली आणि म्हणाल्या, "ओटी भरजो, अन् मायबापाले पोटभर भेटजो. घाई नोको करू." त्यांचं माहेर अंजनगावचं. त्या सून म्हणून आल्या त्या शकुंतलेनं. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी, कापूस वाहायला इंग्रज कंपनीनं टाकलेली. मूर्तिजापूरहून एक फाटा दर्यापूर-अंजनगाववरून अचलपूरला, दुसरा यवतमाळला. १९९४ पर्यंत ती मँचेस्टरच्या वाफेच्या इंजिनावर चालली. "नव्या लुगड्यावर कोयशाची कणी पडली, भोक पडलं," हे सांगताना सासूबाई अजून त्या जागेवर हात ठेवतात, जणू ते लुगडं अंगावरच आहे. आता गाडी बंद आहे. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो की आम्ही त्या रुळांपाशी जाऊन येतो. गवतात बुडालेले असतात. ती गाडी पुन्हा सुरू व्हावी, असं इथल्या प्रत्येक सासुरवाशिणीला वाटतं, आणि ते मागणं रास्त आहे.

कुरूमच्या पुढं स्कूटरचं मागचं चाक बसलं. दोन्ही बाजूंना वावरं. सोयाबीन सोंगून झालेलं, कपाशीची बोंडं उलायला लागलेली. काही बाया पहिली वेचणी धरत होत्या. एकीनं विचारलं, "कुठच्या वं तुमी?" माहेर सांगितलं, सासर सांगितलं. तिनं धुऱ्यावर बसवलं, पाणी दिलं. त्यांची सीतादही नुकतीच झाली होती. वेचणीच्या आधी वावराची पूजा करून दहीभात वाहतात, ती. त्यातलाच घास माझ्या हातावर ठेवून ती म्हणाली, "खाय माय, माहेरी चालली नं." नवरा चाक काढून ट्रकवाल्याबरोबर गेला आणि पाऊण तासानं परत आला. तो पाऊण तास मला या सगळ्या प्रवासातला सर्वात भरलेला वाटतो.

अमरावतीत शिरलो आणि घरी जाण्याआधी गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला वडा, वर झणझणीत हिरवी चटणी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कॉलेजात असताना आम्ही दोघं याच गाड्यावर भेटायचो. घरी आई-बाबा दारातच होते. दादा नव्हता.

हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. आमचं लग्न आंतरजातीय. आई-बाबांनी थोडा वेळ घेतला आणि मान्य केलं. दादा लग्नाला आला नाही. आम्ही येणार कळलं की तो भातकुली तालुक्यातल्या आमच्या वावरावर जाऊन राहतो. आई म्हणाली, "सोयाबीन काढाचं हाय त्याले." मी मान हलवली.

संध्याकाळी गांधी चौकात गर्दीला पार नव्हता. फुलं, बांगड्या, लाह्या, कुंकवाचे ढीग. रांगेत दीड तास गेला. अंबादेवीची ओटी भरली, मग पलीकडे एकवीरेचीही. एकीला भेटून दुसरीला टाळायचं नसतं. नवरा शेजारी हात जोडून उभा होता. १९२७ साली याच देवळाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून सत्याग्रह झाला. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात पुढं होते आणि त्या नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. त्याच वर्षी पंजाबरावांनी विमलाबाईंशी लग्न केलं, तेही जातीबाहेर. त्यांनी काढलेल्या शिक्षण संस्थेच्या कॉलेजात माझा दादा शिकला. आमच्या अकोल्याचं कृषी विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. ओटी भरताना हे सगळं माझ्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी आई-बाबांना घेऊन कुऱ्ह्यावरून कौंडिण्यपूरला गेलो. अमरावतीहून चाळीसेक किलोमीटर. बाबांच्या मित्राची गाडी होती. आईनं रोडगे आणि वांग्याची भाजी बांधून घेतली होती. वर्धा नदीच्या उंच काठावर विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ आहे, खाली रुंद पात्र, पलीकडे आर्वीचा मुलूख. आजूबाजूच्या टेकाडांत उत्खनन होऊन प्राचीन वस्तीचे अवशेष मिळाले आहेत. विदर्भाची राजधानी ती हीच, असं आपण मानतो. दमयंती विदर्भाची, लोपामुद्रा विदर्भाची, रामाची आजी इंदुमती विदर्भाची. आणि रुक्मिणी तर याच गावची. या काठावरून किती लेकी लांब गेल्या!

पायऱ्यांवर बसून बाबांनी भागवतातली गोष्ट सांगितली. लहानपणी ऐकली होती, पण या वेळी ती वेगळी ऐकू आली. रुक्मिणीनं श्रीकृष्णाला पाठवलेल्या पत्रात नुसती प्रीती नाही. वेळ आहे, जागा आहे, बेत आहे. तिनं लिहिलं, की मी अंतःपुरात असताना मला न्यायला आलास तर माझ्या भाऊबंदांना मारावं लागेल. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी मी कुलदेवीच्या दर्शनाला गावाबाहेर येईन, तिथून मला ने. ती कुलदेवी म्हणजे आपली अंबादेवी, अशी अमरावतीची श्रद्धा. कौंडिण्यपूरहून तिथवर भुयार होतं, असंही जुनी माणसं सांगतात. पळून जाणाऱ्या मुलीनं आधी विचार केला तो भावांचा जीव वाचवण्याचा. पुढं तिचा भाऊ रुक्मी पाठलाग करून आला आणि हरला, तेव्हाही तिनंच पाय धरून त्याचा जीव मागून घेतला.

रुक्मीनं पण केला होता, कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल टाकणार नाही. पण पुरा झाला नाही. तो घरी परतला नाही. भोजकट वसवून तिथंच राहिला. बाबा थांबले, नदीकडे बघत म्हणाले, "भोजकट म्हणजे आपली भातकुली, असं म्हणतात."

आई पदरानं डोळे पुसत होती. नवऱ्यानं माझ्या हातावर हात ठेवला. मीच बाबांना विचारलं, पुढं काय झालं? त्याच रुक्मीनं मनात वैर असतानाही बहिणीच्या प्रेमाखातर आपली मुलगी तिच्या मुलाला, प्रद्युम्नाला दिली. भागवतातच आहे ते. त्यानंतरची गोष्ट कडू आहे, पण बाबांनी ती सांगितली नाही आणि मीही इथं सांगत नाही.

रुक्मिणी माहेरी परतली नाही, पण माहेर तिच्याकडे जातं. दर आषाढीला कौंडिण्यपूरची पालखी पायी पंढरपूरला जाते. ही परंपरा १५९४ पासूनची मानतात. इतकी वर्षं ऊन-पावसात चालत जाऊन माणसं एका लेकीला भेटून येतात. वारीच्या सगळ्या पालख्यांत ही मला सगळ्यांत जवळची वाटते.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. आईनं भाऊबीजेसाठी करंज्यांचं सारण करून देईन म्हणून सांगितलं. बाबांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, "सांभाळून जाजा. पोचल्यावर फोन करजा." स्कूटर भातकुलीच्या फाट्याजवळून गेली तेव्हा आम्ही दोघंही बोललो नाही.

दादा, तू अजून अकोल्याला आला नाहीस. बडनेऱ्याहून गाडीत बसलास तर दीड तास लागतो. रस्त्यानं आलास तरी दोन तास, आणि रस्ता आता चांगला झाला आहे. भाऊबीजेला मी ताट वाढून ठेवते.