माशांआधी पाणी

टाकी आणली, नळाचं पाणी भरलं, त्याच संध्याकाळी मासे सोडले. नवशिक्यांच्या घरी पुष्कळ मासे या घाईनेच दगावतात, हे आज पुन्हा मनात घोळतंय. विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून माशांना घातक असा अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट, मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांनाही मारतं. म्हणून फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. सगळं पाणी एकदम बदलू नये. या मुक्या जिवांची घुसमट आपल्याला ऐकू येत नाही, याचं फार वाईट वाटतं. म्हणून मासे आणण्याआधी पाणी भरलेल्या, फिल्टर चालू असलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणू वाढू द्या. एवढा धीर धराच.