टाळ्या वाजवणाऱ्यांचं काय जातं?

"मराठी विभागाला लेख कमी पडतायत, तू लिही," असं मॅडम म्हणाल्या आणि मला घामच फुटला! कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. मराठीचा पेपर म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाशी कुस्ती. तेव्हा चुका पोटात घाला, ही पहिलीच विनंती.

विषय मात्र तयार होता. मागच्या सेमिस्टरला वादविवाद स्पर्धेत मी चिठ्ठी उचलली. 'व्यापारगट सोडणाऱ्या देशाला परदेशी नेत्यांच्या पाठिंब्याने बळ मिळते.' मला बाजूने बोलायचं होतं. उदाहरण अर्थातच ब्रेक्झिट! तो झाला तेव्हा मी पाचवीत होते. टीचरनी फळ्यावर शब्द लिहिला, तर आम्हाला वाटलं नवीन बिस्किट आलं बाजारात.

तयारी करताना मजा आली. २३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये मतदान झालं. ५१.९ टक्के लोक म्हणाले युरोपीय संघ सोडा, ४८.१ टक्के म्हणाले राहू द्या. दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड ट्रम्प स्कॉटलंडमध्ये हजर! तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष नव्हते, निवडणुकीला उभे होते. लोकांनी आपला देश परत मिळवला, म्हणून त्यांनी तोंडभरून कौतुक केलं. गंमत म्हणजे स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी 'राहू द्या' असं मत दिलं होतं! फ्रान्सच्या मरीन ल पेन आणि नेदरलँड्सचे खेर्ट विल्डर्स यांनाही कोण आनंद झाला. आमच्याकडेही असंच मतदान घ्या, म्हणाले. मी सगळं कार्डांवर उतरवून घेतलं. भाषण एकदम फर्स्टक्लास!

विरुद्ध बाजूकडे बराक ओबामा होते. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी लंडनला येऊन सांगितलं होतं की बाहेर पडलात तर अमेरिकेशी व्यापार कराराच्या रांगेत शेवटी उभे राहाल. पुष्कळ ब्रिटिशांना ते झोंबलं. आमच्या घरातलं ठरवणारे तुम्ही कोण? हाही मुद्दा मी माझ्या बाजूने वापरला.

भाषण झालं, टाळ्या पडल्या. मग परीक्षक सरांनी एकच प्रश्न विचारला. "पाठिंबा देणाऱ्याने स्वतःचं काय पणाला लावलं होतं?"

मी गप्प. कारण उत्तर माझ्याच कार्डांवर होतं. ट्रम्प स्कॉटलंडला गेले होते ते टर्नबेरीच्या आपल्या गोल्फ कोर्सच्या कार्यक्रमासाठी. त्या दिवशी पौंड १९८५ नंतरच्या नीचांकावर घसरला होता आणि त्यावर ते म्हणाले, पौंड उतरला की टर्नबेरीला जास्त लोक येतील! पुढे जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे यांनी बाहेर पडण्याचा मसुदा मांडला, तेव्हा याच पाठिराख्याने बजावलं की असं केलंत तर आमच्याशी करार होणं कठीण. २०१९ मध्ये पुन्हा भल्यामोठ्या कराराचं आश्वासन दिलं. ब्रिटन ३१ जानेवारी २०२० ला बाहेर पडला. अमेरिकेशी करार झाला तो मे २०२५ मध्ये, तोही मर्यादित, बहुतेक मालावरचा १० टक्के कर तसाच ठेवून. आणि ल पेनबाईंच्या पक्षाने २०१९ पर्यंत बाहेर पडायची भाषा गुंडाळूनही ठेवली होती!

अर्थात, ब्रिटिशांनी मत दिलं ते काही ट्रम्पना विचारून नाही. स्थलांतर, कायदे कोणी करायचे, युरोपला द्यायचे पैसे... त्यांची स्वतःची कारणं होती. आणि बाहेर पडल्यावर नवे करार झालेही. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी, २४ जुलै २०२५ ला आपल्या भारताशी. पण प्रत्येकाने आपापला हिशोब करूनच सही केली. ऑस्ट्रेलियाच्या करारात आपल्याला फार काही मिळालं नाही, असं नंतर खुद्द ब्रिटनच्या माजी मंत्र्यांनीच पार्लमेंटमध्ये सांगितलं.

माझी मावशी लंडनजवळ स्लाऊला असते. २०१६ मध्ये तिचा पासपोर्ट भारतीय होता, तरी कॉमनवेल्थमुळे तिला मत होतं. शेजारच्या पोलिश काकूंना मात्र नव्हतं. मी तिला फोनवर परीक्षकांचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "अगं, 'सोड ते घर' म्हणायला शेजाऱ्याचं काय जातं? नव्या घराचं भाडं तो थोडाच भरणार आहे!"

फोन ठेवला आणि मला माझी रूममेट आठवली.

टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टला तिच्या ग्रुपमधले दोघं काहीच काम करत नव्हते. ती रोज रात्री रडकुंडीला यायची. आणि रोज मी म्हणायचे, "बिनधास्त सोड! आम्ही आहोत ना!" आमच्या ग्रुपमध्ये चार जण आधीच होते, हे मला माहीत होतं. पण बोलताना किती छान वाटायचं... तिने खरंच ग्रुप सोडला. मी आमच्या ग्रुपमध्ये विषय काढला, एक जण नको म्हणाला आणि मी लगेच गप्प बसले. आमचं सर्किट चालू झालं होतं, मार्क दिसत होते. तिला मात्र सांगितलं, "गाईड नाही म्हणाले गं." गाईडना मी विचारलंच नव्हतं.

तिने प्रोजेक्ट एकटीने केला. लॅब बंद होईपर्यंत बसून. टर्मवर्कला मार्क कमी पडले. मी मेसमध्ये तिच्याच शेजारी बसून जेवत होते.

हा लेख मॅडमकडे देण्याआधी तिला वाचायला दिला. नाहीतर पुन्हा लांबून टाळ्या वाजवल्यासारखंच झालं असतं. तिने शांतपणे वाचला आणि म्हणाली, "माहीत होतं मला. गाईडना मीच नंतर विचारलं होतं." मला काय बोलावं सुचेना. मग तीच म्हणाली, "जमणार नाही असं पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस ना, तर मी सोडण्याआधी नीट विचार केला असता. सोडलाच असता कदाचित. पण माझ्या हिशोबाने."

ब्रेक्झिट बरोबर की चूक, यावर हुशार माणसं अजून भांडतायत, मी कोण सांगणार? पण मित्रांनो, पुढच्या वेळी कोणाला "बिनधास्त सोड, आम्ही आहोत" म्हणण्याआधी एकदा आपल्या ग्रुपमध्ये जागा आहे का, तेवढं बघा. नसेल तर तसं सांगा. राग येईल समोरच्याला, पण चालेल.

बी.ई.च्या प्रोजेक्टला आम्ही दोघी एकाच ग्रुपमध्ये आहोत. यावेळी गाईडना मी स्वतः जाऊन विचारलं!